कुंडीतलं रोप, बळ्ळारी नाला आणि एक फिरता मेसेज

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. बागप्रेमींच्या ग्रुपवर येतो, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर येतो, गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवरही येतो. थोडक्यात असा:

'परदेशी झाडांच्या विक्रीवर सरकार बंदी आणतंय. उद्या तुमच्या दारातला झेंडूही बेकायदा ठरेल. बटाटा, मिरची, काजू सगळं परदेशीच, तेही बंद करणार का? कुंडीतलं रोप चालत जंगलात जातं का? घाणेरी नि जलपर्णी आधीच सगळीकडे झालीय, आता बंदी घालून काय उपयोग? हल्लीची रोपं हायब्रीड असतात, त्यांना बी धरत नाही. वनखात्यानं स्वतः अकेशिया लावून डोंगर भरले, त्यांना कोण विचारणार? या झाडांपासून खत होतं, फर्निचर होतं. मरणार तो गरीब नर्सरीवाला. आणि हे सगळं बेंगळुरूचं कारस्थान, सीमाभागातल्या मराठी माणसाला छळायला. पुढे पाठवा.'

मजकूर हुशारीनं लिहिलाय. त्यातल्या एकदोन गोष्टी खऱ्या आहेत आणि बाकीच्या त्यांच्या खांद्यावर बसून आल्यात. म्हणून एकेक मुद्दा सुटा करून बघू.

'झेंडूही बेकायदा ठरेल.'

नाही ठरणार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. या दुरुस्तीतून आलेलं कलम ६२ए केंद्र सरकारला एक अधिकार देतं: आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार, त्या बाळगणं आणि त्यांचा प्रसार यांवर अधिसूचना काढून नियंत्रण किंवा बंदी आणायचा. अशी जात कुठली, हेही कायद्यात सांगितलंय. ती मुळात भारताबाहेरची पाहिजे आणि तिच्या येण्यानं किंवा पसरण्यानं इथल्या वन्यजीवांना, त्यांच्या अधिवासाला धोका पोचत असला पाहिजे. दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्या लागतात. मेसेज लिहिणाऱ्यानं पहिली अट तेवढी उचलली, दुसरी गाळली आणि गावभर घबराट पसरवली.

झेंडू मेक्सिकोचा हे खरं. दसऱ्याला बेळगावच्या बाजारात त्याचे ढीग लागतात, दारादारावर तोरणं चढतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बी टाकावं लागतं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी, बटाटा, ब्याडगी मिरची, चंदगड-खानापूरचा काजू, सगळी अमेरिका खंडातली पिकं. पोर्तुगीज शेजारी असल्यानं ती आपल्याकडे लवकर पोचलीही असतील. इतक्या वर्षांत रताळ्याचा वेल कणकुंबीच्या रानात घुसून त्यानं जांभळाची, हिरड्याची रोपं गुदमरवली असं कुणी पाहिलंय का? शेतकऱ्यानं हात काढून घेतला की ही पिकं संपतात. घाणेरीचं उलट, माणसानं हात काढून घेतला की ती सुरू होते. (एका प्रतीत कुणीतरी झेंडूच्या जागी तुळस घातलीय. तुळस इथलीच आहे हो!)

आणि जिथं असे नियम झाले तिथल्या याद्या किती लांब होत्या, तेही बघा. ब्रिटननं २०१४ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा अशी विक्रीबंदी आणली ती पाच पाणवनस्पतींवर. युरोपीय संघाची २०१६ ची पहिली यादी प्राणी नि वनस्पती धरून ३७ जातींची, आणि जलपर्णी तिच्यात होती. नर्सऱ्यांत हजारो जातींची रोपं विकली जातात. त्यातली पाच-पंचवीस नावं बाजूला काढण्याला 'परदेशी झाडांवर बंदी' म्हणणं ही शुद्ध थाप आहे.

'कुंडीतलं रोप चालत जंगलात जातं का?'

सगळ्यांत जास्त टाळ्या याच वाक्याला मिळतात, आणि सगळ्यांत मोठी चूकही इथंच आहे. रोप चालत नाही जात. बुलबुलाच्या पोटातून जातं, माळ्यानं छाटून टाकलेल्या फांद्यांतून जातं, गटारातून जातं.

घाणेरी, आपल्याकडे काही जण टणटणी म्हणतात ती, १८०७ च्या सुमाराला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. जंगलात लावायला नाही, शोभेला. एका गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं, कुणालाही आवडावीत अशी. फुलांमागून हिरवी नि मग काळी होणारी बारीक फळं येतात, ती पाखरं खातात आणि बिया कुठल्या कुठं टाकतात. निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांचा २०२० चा अभ्यास सांगतो की आज भारतातलं १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल घाणेरीनं व्यापलंय. आपला अख्खा बेळगाव जिल्हा साधारण १३,४०० चौरस किलोमीटरचा. असे अकरा जिल्हे भरतील एवढी ही झुडपं, आणि सुरुवात बागेतल्या शोभेच्या रोपानं झालेली.

गुरं राखणाऱ्याला घाणेरीची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. वैरण संपत आली की भुकेलं जनावर तिला तोंड लावतं. पानांतलं विष यकृतावर जातं, डोळे पिवळे होतात, जनावर रवंथ सोडतं, उन्हात उभं राहिलं की अंगावर जिथं पांढरी कातडी असेल तिथली सोलवटून निघते. मग ते सावली सोडून हलत नाही. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर दगावतं.

आता एखाद्या नर्सरीत जाऊन वेडेलिया मागा. काळ्या प्लास्टिक पिशवीत चकचकीत हिरवी पानं आणि वर पिवळं फूल. मागच्या पावसाळ्यात शहराबाहेरच्या एका नर्सरीत पन्नास रुपयांना तीन पिशव्या असा भाव होता. नर्सरीवाल्याला विचारलं, हे एवढं का खपतं? म्हणाला, "पाणी नाही घातलं तरी मरत नाही, पसरतंय की भराभर, म्हणून तर नेतात." त्यानं खोटं काहीच सांगितलं नाही. त्याच्या पिशवीतली एक फांदी वाकून शेजारच्या पिशवीत उतरली होती आणि मातीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून पांढरी मुळं फुटली होती. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. कुठल्याही नव्या लेआउटमध्ये वर्षातून दोनदा हिची छाटणी होते. छाटलेल्याचा भारा कुठं जातो? कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, बहुतेक वेळा नाल्याच्या काठावर. एक पेर शाबूत असलेला तुकडा आणि वळवाचा एक पाऊस, एवढं तिला पुरतं.

पाणवनस्पतींचं तर विचारूच नका. केरळात कोझिकोडजवळच्या आवळा पांडीत २०२० साली ओढा गुलाबी फुलांनी भरून गेला आणि बघ्यांची झुंबड उडाली. ती फुलं काबोम्बाची. काबोम्बा म्हणजे घरातल्या काचेच्या टाकीत माशांना घालतात ती पाणवनस्पती. लोकांनी परतताना रोपं उपटून घरी न्यायला सुरुवात केली, तेव्हा हे करू नका म्हणून शास्त्रज्ञांना इशारा द्यावा लागला. टाकीचा कंटाळा आला की मासे नि पाला तळ्यात सोडून देणारी माणसं आपल्याही गल्लीत आहेत. त्यांना वाटतं, जीव वाचवला.

'जलपर्णी आधीच सगळीकडे आहे, आता काय उपयोग?'

इथं जरा थांबायला पाहिजे, कारण या मुद्द्यात अर्धं सत्य आहे.

जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जांभळ्या फुलांसाठी ती बंगालात आली. चाळीसेक वर्षांत नद्या, खाड्या, भातशेती तिनं अशी भरली की १९३६ साली तिच्यासाठी वेगळा कायदा, बंगाल वॉटर हायसिंथ ॲक्ट, करावा लागला आणि १९३७ च्या निवडणुकीत तिचं निर्मूलन हे आश्वासन झालं. आपल्याकडे निवडणुकीत अजून रस्ते नि गटारं चालतात. पण शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शेतकऱ्याला विचारलंत तर जलपर्णीचंही आश्वासन चालेल.

बेळगाव शहरालगतच्या बळ्ळारी नाल्याकाठी जुलैमध्ये काय होतं ते शिवारात उभं राहून बघावं. धूळवाफेवर पेरलेलं भात वीतभर झालेलं असतं. संततधार लागते, नाल्याचं पाणी वाढतं आणि वरचा हिरवा थर सरकत पुलापाशी येऊन अडकतो. थरावर थर दाटतो. एक रोप हातात घेतलं तर देठ फुगलेला, दाबला की आत नुसती हवा. रोपाच्या बुडातून आडवा धुमारा निघालेला आणि त्याच्या टोकाला दुसरं रोप, त्यालाही धुमारा. अशी हजारो रोपं एकमेकांत गुंतलेली असली की काठीनं ढकलून जात नाहीत. पाणी मागं फुगतं, बांध ओलांडतं आणि भातात शिरून दिवसेंदिवस तुंबून राहतं. रोप कुजतं. मग दुबार लावणीसाठी कुणाकडे तरू शिल्लक आहे का म्हणून शोधाशोध. बेळगावच्या बासमतीचं कौतुक करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

नाल्यातली जलपर्णी आज नर्सरीतून येत नाही, हे मान्य. शहराचं सांडपाणी तिला खत घालतंय. सांडपाणी थांबल्याशिवाय नाला मोकळा होणार नाही, आणि विक्रीवर कितीही नियम आणले तरी त्यानं जेसीबीचं काम संपणार नाही. इथवर मेसेज बरोबर.

पुढचं चूक. जलपर्णीला परिस्थिती अनुकूल असली की रोपांची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. दहा वेळा दुप्पट केलं की एकाची हजारावर जातात, म्हणजे पाच महिन्यांत. बी चिखलात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. अशा रोपाचं एखादं तळं लोकवर्गणीनं, श्रमदानानं साफ केलं आणि शेजारच्या बंगल्यातल्या सिमेंटच्या टाकीतलं, हौसेनं विकत आणलेलं एक रोप पुन्हा त्यात पडलं, तर सगळी मेहनत पाण्यात. जिथं ती आहे तिथली काढणं आणि जिथं नाही तिथं नवी न पोचू देणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक अवघड आहे म्हणून दुसरं सोडून द्यायचं, हा कुठला न्याय?

शिवाय सगळ्या आक्रमक वनस्पती अजून 'सगळीकडे' झालेल्याच नाहीत. जर्मनीत ब्रांडेनबुर्ग भागातल्या परक्या झाडाझुडपांची जुनी नोंद तपासली तेव्हा लागवडीपासून आपोआप पसरू लागेपर्यंत सरासरी १४७ वर्षं गेल्याचं दिसलं. म्हणजे जे झाड आज तुमच्या अंगणात गुपचूप उभं आहे ते निरुपद्रवीच, असं म्हणता येत नाही. आपल्याकडचंच बघा. सेन्ना स्पेक्टाबिलिस हे पिवळ्या फुलांचं झाड सावलीला, शोभेला म्हणून दक्षिणेत लावलं गेलं. आज वायनाड, मुदुमलै, बंदीपूर, नागरहोळेत ते वाघ-हत्तींच्या रानाला डोकेदुखी झालंय. तामिळनाडूत ते तोडून कागद कारखान्याला द्यायची वेळ आली. पिवळ्या फुलांचीच हौस असेल तर आपला बहावा काय वाईट आहे? उन्हाळ्यात जांबोटीच्या रस्त्यानं जाऊन या.

'हायब्रीड रोपांना बी धरत नाही.'

अमेरिकेत हेच सांगून ब्रॅडफर्ड जातीचं शोभेचं नासपती साठच्या दशकापासून रस्तोरस्ती लावलं. एकाच जातीची कलमं आपसात फळत नाहीत, हे खरंच होतं. मग नर्सऱ्यांनी त्याच झाडाच्या दुसऱ्या सुधारित जाती बाजारात आणल्या, दोन जातींचा संकर झाला आणि फळं धरली. पाखरांनी बिया नेल्या, माळरानांवर काटेरी झाडांची दाटी झाली. आता ओहायो, साउथ कॅरोलिना, पेन्सिल्व्हेनिया या राज्यांत त्याची विक्री बंद आहे. आणि वेडेलियाला, जलपर्णीला पसरायला बी लागतच नाही, तुकडा पुरतो. तेव्हा हा मुद्दा इथंच सोडू.

'वनखात्यानं अकेशिया लावलं, त्यांना कोण विचारणार?'

विचारायलाच पाहिजे. पश्चिम घाटाच्या कडेनं ऑस्ट्रेलियन अकेशियाची एकसुरी लागवड खात्यानं केली, गिरीपुष्प लावलं, आणि वायनाडातलं ते सेन्नाही सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आलं. माझं तर म्हणणं आहे की यादी झाली तर पहिली तपासणी सरकारी रोपवाटिकांची व्हावी, मग खासगी. निलगिरीच्या लागवडीला कर्नाटकानं २०१७ साली मनाई केली, म्हणजे सरकारला चूक दिसली तर मागं फिरता येतं. गाजरगवत मात्र कुणी कुंडीत घालून विकलं नाही. १९५५-५६ च्या सुमाराला ते पुण्यात दिसलं, आयात धान्याबरोबर आलं असं मानतात. दरवाजे अनेक आहेत, हा काही त्यातला एक उघडा ठेवायचा युक्तिवाद होत नाही.

'खत होतं, फर्निचर होतं.'

होतं. चामराजनगरकडच्या मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा कारागीर घाणेरीच्या काठ्यांची सुबक खुर्ची करतात, एट्री संस्थेनं त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलंय. पण त्या काठ्या ते जंगलातून आणतात. जंगलात एवढी घाणेरी पडलेली असताना नर्सरीत ठेंगण्या, रंगीबेरंगी घाणेरीचं नवं रोप विकायची गरज त्या खुर्चीला कुठं आहे? जलपर्णीच्या खताचंही तेच. खत करायचंय? बळ्ळारी नाला आहे, हवी तेवढी न्या, शेतकरी वर चहा पाजतील.

याच मुद्द्याला जोडून कुणीतरी खाली लिहिलंय की सरकारनं भुंगे सोडावेत. सोडले होते. गाजरगवतावर मेक्सिकोहून आणलेला भुंगा १९८४ साली बेंगळुरूत सोडला. पावसाळ्यात तो पानं खाताना आजही दिसतो आणि गाजरगवतही दिसतं. घाणेरीवर तर १९२१ पासून कीटक आणतायत. साल्विनिया या पाणवनस्पतीवर मात्र ऑस्ट्रेलियातून आणलेल्या सोंडकिड्यानं कमाल केली, केरळातली तळी नि कालवे मोकळे झाले. म्हणजे कधी साधतं, कधी शंभर वर्षांत साधत नाही. आधी विकत घ्यायचं, मग भुंग्याची वाट बघायची.

'मरणार तो गरीब नर्सरीवाला.'

हा मुद्दा मला हसण्यावारी न्यायचा नाही. शनिवारच्या बाजाराला डोक्यावरच्या पाटीत वीस-पंचवीस रोपं घेऊन येणारी बाई आणि महामार्गाला लागून तीन एकरांत शेडनेट उभारलेला मालक, दोघंही 'नर्सरीवाले'. आज यादी निघाली आणि उद्या माल जप्त झाला तर मालक तरून जाईल, बाई बुडेल. म्हणून नियम कसा आणायचा याला महत्त्व आहे. ओहायोनं नासपतीचा नियम २०१८ साली केला आणि बंदी लागू झाली २०२३ साली. मधली पाच वर्षं असलेला माल संपवायला आणि नवी कलमं तयार करायला दिली. आपल्याकडे कुंडीतलं रोप पाच वर्षं थोडंच थांबतं, दोन पावसाळ्यांची मुदत पुरेल.

आणि त्या बाईच्या पाटीत खरोखर काय असतं? मोगरा, शेवंती, जास्वंद, कढीपत्ता, मिरचीचं तरू, अबोली, तुळस. यातलं काहीही कुठल्याही यादीत जायचं कारण नाही. यादीत जाऊ शकतील अशी रोपं मोठ्या नर्सरीत, लँडस्केपवाल्यांच्या ऑर्डरीत आणि मासे विकणाऱ्या दुकानात असतात. मेसेज तिच्या नावानं रडतो आणि सुटका दुसऱ्याच कुणाची करतो.

पर्यायही हाताशी आहेत. वेडेलियाची चुलत बहीण म्हणावी अशी पिवळा माका ही इथलीच वनस्पती, तीही जमिनीलगत पसरते, तिलाही पिवळंच फूल येतं. कुंपणाला निर्गुंडी, मेंदी, अडुळसा. रंगाला कोरांटी, पेंडगूळ, धायटी. पाण्यात कमळ नि कुमुद. बागायत खात्यानं यांची मातृरोपं लहान नर्सऱ्यांना फुकट द्यावीत अशी मागणी या मेसेजमध्ये असती तर मी स्वतः दहा ठिकाणी तो पुढे पाठवला असता.

'बेंगळुरूचं कारस्थान.'

कलम ६२ए केंद्राचं आहे. ते कोल्हापूरला लागू, पणजीला लागू, बेळगावलाही तेवढंच लागू. खरं म्हणजे अशा बाबतीत केंद्राचाच नियम सीमाभागाच्या सोयीचा. अमेरिकेत प्रत्येक राज्याची यादी वेगळी. तिथल्या संशोधकांनी २०२१ साली तपासलं तर १,२८५ आक्रमक जातींपैकी ६१ टक्के जाती बाजारात मिळत होत्या. एका राज्यात बंद, शेजारी चालू, आणि पार्सल घरपोच. आपल्याकडे तर रोपांची गाडी सकाळी कोल्हापूरहून निघून दुपारी गोव्यात पोचते, वाटेत निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर करत.

पाण्याला तर सीमा ठाऊकच नाही. पंचगंगेत कोल्हापूर-इचलकरंजीपाशी साचलेली जलपर्णी पुरात सुटते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत येते आणि खाली चिकोडी तालुक्यात उतरते. मराठी गावातून निघते, कन्नड गावात अडकते. उलट्या दिशेनं म्हादई. ती खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्याला जाते. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा सौंदत्तीच्या धरणाला मिळते. वरच्या अंगाला एखाद्या रिसॉर्टच्या शोभेच्या तळ्यात जे सोडाल ते खाली कुणाच्या तरी पंपाच्या फुटव्हॉल्व्हला अडकणार आहे.

पण भाषेबद्दलची तक्रार मी झटकून टाकणार नाही, कारण तिच्यामागं इथल्या माणसाचा अनुभव आहे. नोटीस येते ती कन्नडमध्ये. खानापूरच्या रविवारच्या बाजारात बसणाऱ्या बाईला ती वाचता येत नाही आणि दंड भरताना तिला कळतं की असा काही नियम होता. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाचे नियम, नोटिसा त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे संरक्षण कागदावर कधीपासून मान्य आहे. ते इथं लागू करून घ्या. यादी मराठीतही पाहिजे, प्रत्येक वनस्पतीचा रंगीत फोटो पाहिजे, फुलाचा नि पानाचा वेगळा, आणि ती शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे. ही मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलात तर बरोबर येईन. मराठी नोटीस मागणं वेगळं आणि मराठी माणसाच्या नावावर घाणेरी विकायची मोकळीक मागणं वेगळं.

राहिला एक प्रश्न. तो मेसेजमध्ये नाही पण खालच्या चर्चेत सारखा येतो: 'हे तपासणार कोण?' प्रश्न रास्त आहे. गल्लीबोळांतून पोलीस फिरवून कुंड्या तपासायला लागलात तर लोक चिडतील आणि नियम हास्यास्पद होईल. घरातल्या कुंडीला हात लावायचं कारणच नाही, बघायचं ते विक्रीच्या ठिकाणी. फळझाडांच्या कलमांबाबत महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे, परवाना नसेल तर आंब्या-पेरूची कलमं विकता येत नाहीत. शेतकऱ्याला खोटं कलम मिळू नये म्हणून तो केला. शोभेच्या झाडांना मात्र ना नोंद ना लेबल, पिशवीतल्या रोपाचं नाव विक्रेत्यालाही माहीत नसतं. मोठ्या नर्सरीनं प्रत्येक जातीवर नाव लिहावं, यादीतलं काही नाही एवढं वर्षातून एकदा लिहून द्यावं, ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांनी यादीतली नावं काढून टाकावीत. मासेविक्रेत्यानं दुकानात एक पाटी लावावी, टाकीतलं काही तळ्यात टाकू नका, इथं परत आणून द्या. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच आहे. तिला वर्षातून दोनदा आपल्या हद्दीतल्या नर्सरीत चक्कर मारायचं काम द्या, पहिली चक्कर मृगाच्या आधी, कारण रोपांचा मोठा खप त्याच सुमाराला होतो.